पट कोणी पुसला?

सीमाभागातल्या मराठी शाळेवर लिहायचे म्हटले की लेखाचा साचा आधीच तयार असतो. प्रथम १ नोव्हेंबर १९५६, मग महाजन आयोग, मग कन्नडसक्ती, मग २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, आणि शेवटी हताश सूर : अशा परिस्थितीत मराठी शाळांनी जगायचे तरी कसे? या साच्यातले एकही विधान खोटे नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न केला पाहिजे, असे घटनेचे ३५० (अ) कलम सांगते. हे कलम घटनेत आले तेही १९५६ सालीच, म्हणजे ज्या पुनर्रचनेने आपल्याला इकडे ढकलले तिच्याच पाठोपाठ. एका हाताने घेतले आणि दुसऱ्या हाताने कागद दिला. हे सारे खरे असूनही हा साचा अलीकडे मला संशयास्पद वाटू लागला आहे. कारण त्यात सगळे असतात, दिल्ली असते, बंगळूर असते, मुंबई असते; फक्त लिहिणारा आणि वाचणारा नसतो.

म्हणून आधी एक साधा प्रश्न. हा अंक विकत घेऊन वाचणाऱ्या घरांतली किती मुले आज सरकारी मराठी शाळेत आहेत? उत्तर मला पाठवू नका. घरातल्या घरात, बायकोला किंवा सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात द्या.

खानापूरसारखे गाव घ्या. तालुक्याचे ठिकाण, मलप्रभेचा काठ, भोवती वीटभट्ट्या आणि कौलांची माती, पश्चिमेला जंगल. धड शहर नाही, धड खेडे नाही. जांबोटी, नंदगड, लोंढा अशा चहूबाजूंनी येणारे रस्ते येथे मिळतात. सकाळी त्या कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. शाळेच्या गाड्या एकामागून एक जातात. आत मुले दाटीवाटीने, गळ्यात टाय, मांडीवर दप्तर. त्यातली बहुतेक मुले ज्या वाडीतून निघाली त्या वाडीत शाळा आहे. कौलारू, लांब व्हरांड्याची, भिंतीवर बाराखडी रंगवलेली. गाडी त्या शाळेच्या दारावरूनच जाते. आत मोजकी मुले बसलेली असतात, आणि कोणाची मुले बसलेली आहेत हे सांगायला मास्तर लागत नाहीत.

"कशाला पाठवायचं ओ तिकडं? एक मास्तर आणि पाच यत्ता!" हे वाक्य आपल्याकडे आता म्हणीसारखे झाले आहे. ते खोटे नाही. पण एक मास्तर आणि पाच यत्ता हे झाले कसे, ते पाहा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. साठ मुले असोत की बारा, यत्ता पाचच. एक जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागा भरण्यात मराठी शाळेचा नंबर कधी पहिला लागत नाही, की उरला एक. तो एक पोषण आहाराचे तांदूळ मोजतो, मतदारयादी घेऊन घरोघर फिरतो, तालुक्याच्या बैठकीला जातो, कन्नडमधले परिपत्रक वाचून त्याला कन्नडमध्ये उत्तर देतो, आणि उरलेल्या वेळात पाच वर्गांना शिकवतो. पाच तासांचा दिवस धरला तर प्रत्येक यत्तेच्या वाट्याला एक तास, तोही मास्तर आजारी नसतील त्या दिवशी. हे पाहून चार शहाणे पालक मूल काढून घेतात. पट कमी होतो. पट कमी म्हणून रिकामी जागा भरण्याची निकड उरत नाही. शिक्षक नाही म्हणून आणखी चार मुले जातात. मग एक दिवस कोणीतरी अधिकारी येतो, हजेरीपत्रक उघडतो आणि म्हणतो, मुलेच नाहीत तर शाळा कशाला? त्याच्या पुढ्यात जे असते ते कारण नसते, परिणाम असतो. पण सरकारी कागदावर दोहोंना रकाना एकच.

हे दुखणे केवळ आपले नाही, एवढे तरी मान्य करू. केंद्राच्याच २०२४-२५ च्या आकडेवारीत देशभरात एकशिक्षकी शाळा एक लाखाहून अधिक आहेत, आणि एकही मूल नसलेल्या शाळा आठ हजारांच्या आसपास. लहान शाळा चालतच नाही असेही नाही. एकाच खोलीत निरनिराळ्या यत्तांची मुले बसवून गटागटाने शिकवण्याची 'नली-कली' ही पद्धत याच कर्नाटकात, मैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास सुरू झाली आणि पुढे राज्यभर नेली गेली. जंगलाशेजारच्या आडगावांतच ती वाढली. तेव्हा 'वीस मुलांची शाळा म्हणजे शाळाच नव्हे' हे मत शिक्षणशास्त्राचे नाही, हिशेबनिसाचे आहे.

आता निकालाचे. 'सरकारी शाळेचा निकाल बघा आणि इंग्रजी शाळेचा बघा' हा दुसरा ठोसा. बघू या. दहावीच्या परीक्षेचा राज्याचा निकाल २०२३ मध्ये ८३.८९ टक्के होता. २०२४ मध्ये परीक्षेच्या वर्गांत कॅमेरे बसवून त्यावर दुरून नजर ठेवली, आणि वाढीव गुणांची सवलत सैल करूनसुद्धा तो ७३.४० वर आला. २०२५ मध्ये ती सवलत गेली आणि पहिल्या परीक्षेचा निकाल ६६.१४ वर येऊन थांबला. दोन वर्षांत राज्यातली मुले एवढी मठ्ठ झाली काय? मुले तीच होती, भिंतीवर डोळा नवा होता. ज्या आकड्यावरून आपण गावातल्या शाळेची लायकी ठरवीत होतो, त्यात किती भाग शिकवण्याचा आणि किती भाग पर्यवेक्षकाच्या डोळेझाकीचा, हे आता तरी कळायला हरकत नाही. शिवाय ज्या शाळेतून बारा मुले परीक्षेला बसतात तिथे एक मुलगी एप्रिलच्या आधी लग्न होऊन गेली, की आठ टक्के गेले. शंभर मुलांच्या शाळेत तीच मुलगी एक टक्का. आणि प्रवेशाच्या वेळी चाचणी घेऊन, बापाचा धंदा विचारून मुले निवडणाऱ्या शाळेचा निकाल आणि दारात येईल त्याला घेणाऱ्या शाळेचा निकाल एका तराजूत घालणे म्हणजे डॉक्टरांची परीक्षा करताना ज्याच्याकडे आजारी कमी येतात तो मोठा, असे म्हणण्यासारखे आहे.

मराठी शाळा वाईट नाहीत असे मी म्हणत नाही. पुष्कळ वाईट आहेत. तिसरीतल्या मुलाला सलग चार ओळी वाचता येत नाहीत अशा आहेत. मी म्हणतो ते एवढेच, की त्या वाईट झाल्याचे ज्यांनी सर्वांत मोठ्याने सांगायला हवे होते ते सर्वांत आधी निघून गेले, आणि जाताना गप्प गेले.

येथे एका गोष्टीकडे आपले लक्ष गेलेले नाही, म्हणून जरा थांबतो. कर्नाटकात २००१ पासून प्रत्येक सरकारी शाळेला देखरेख समिती आहे, तिलाच आपण एसडीएमसी म्हणतो. पुढे शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेच्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरवले. कायदा चांगला आहे. पण त्याचा अर्थ काय होतो? ज्याचे मूल शाळेत, त्यालाच शाळेत बोलायचा मुख्य हक्क. गावचा वकील, पतपेढीचा चेअरमन, साखर कारखान्यातला बाबू, निवृत्त मुख्याध्यापक, आणि हो, मराठी चळवळीचा कार्यकर्ता, यांनी मूल काढून घेतले तेव्हा त्यांनी केवळ एक विद्यार्थी नेला नाही. शाळेच्या समितीतली आपली जागाही सोडली. आता त्या समितीवर कोण आहे? वीटभट्टीवर कामाला जाणारी बाई. दुसऱ्याची भात लावणारी बाई. तिने आपली अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीत जायचे, तिथे कन्नडमध्ये लिहिलेला कागद समजून घ्यायचा आणि साहेबांना विचारायचे, दुसरे मास्तर कधी देणार? ज्या प्रश्नाला बेळगावचा नामांकित वकील लागला असता, तो प्रश्न आपण तिच्या पदराला बांधून मोकळे झालो. आणि मग व्यासपीठावरून म्हणतो, मराठी माणूस जागा नाही.

व्यासपीठाचे निघालेच आहे तर बोलू. आपल्या भागाइतकी गावोगावची साहित्य संमेलने महाराष्ट्रातल्या भल्या भल्या जिल्ह्यांत होत नाहीत. कडोली, बेळगुंदी, उचगाव, कुद्रेमनी, येळ्ळूर. गावकरी वर्गणी काढतात, घरोघर पाहुण्यांना जेवू घालतात, पुण्यामुंबईचा साहित्यिक हे पाहून गहिवरतो. मलाही अभिमान आहे. ज्या बेळगावात १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालच्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याच मातीतले हे पीक आहे. पण ग्रंथदिंडीपुढे लेझीम खेळायला मुले लागतात, तेव्हा ती कुठून येतात? इंग्रजी शाळा आपली मुले त्या दिवशी सोडत नाही, तिची चाचणी असते. मुले येतात सरकारी मराठी शाळेतली. डोक्यावर फेटा, पायात चपला नाहीत. पालखीतल्या ज्ञानेश्वरीमागून चालणाऱ्यांचे नातू त्या वेळी दुसऱ्या गावात इंग्रजी कविता पाठ करीत असतात. पट असाच उतरत गेला तर थोड्या वर्षांत लेझमालाही मुले मिळणार नाहीत, तेव्हा कदाचित संमेलनात यावर परिसंवाद ठेवला जाईल.

याहून बोचरी गोष्ट १ जूनची. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आपली माणसे गोळीबाराला बळी पडली. दरवर्षी त्या दिवशी हिंडलग्याला हुतात्म्यांना अभिवादन होते. ते आंदोलन कशासाठी होते? पोराने शाळेत कोणत्या भाषेत शिकावे, यासाठी. आणि कर्नाटकातल्या शाळा उघडतात त्याही नेमक्या त्याच सुमारास. सकाळी फुले वाहून आलेला माणूस दुपारी बाजारात नातवाच्या इंग्रजी शाळेचा गणवेश घ्यायला जातो, आणि त्याला यात काही विसंगत वाटत नाही. कन्नडची सक्ती आपण छातीवर घेतली. इंग्रजीची सक्ती आपण पैसे भरून घेतली.

'मग काय मुलांना मागे ठेवायचे?' हा प्रश्न येणार, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. भट्टीवर राबणाऱ्या बापाला इंग्रजी हवे असते, कारण इंग्रजी येणाऱ्याचा हात त्याने खुर्चीच्या हातावर पाहिला आहे. त्याला कोणी मातृभाषेचे प्रवचन देऊ नये, निदान ज्याची स्वतःची मुले इंग्रजी शाळेत आहेत त्याने तर नाहीच. पालकाने माध्यम निवडावे, राज्याने लादू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच खटल्यात सांगितले, आणि आपल्यासारख्या अल्पसंख्याकांनी तरी त्या निकालाला नावे ठेवू नयेत. पण निवड म्हणजे दोन्ही दारे उघडी हवीत. एका दारात पाच यत्तांना एक मास्तर आणि दुसऱ्या दारात पाटीवर इंग्रजी नाव, आत शिकवणारी बाई मात्र इंग्रजीचे एक वाक्य बोलायला कचरणारी, 'ॲपल म्हणजे सफरचंद' असे मराठीतच घोकून घेणारी. ही निवड नव्हे, कोंडी आहे. इंग्रजी विषय सरकारी शाळेत पहिलीपासून आणून आता जवळजवळ वीस वर्षे होत आली. तो २००७ सालीच आला. तो शिकवायला नीट तयार केलेला शिक्षक द्या, हे मागणे किती संमेलनांच्या ठरावांत आले? कन्नडही उत्तम शिकवा, हे मागणे तर आपण उच्चारायलाच भितो. मराठीतून पक्के वाचायला शिकलेले मूल कन्नड आणि इंग्रजी या दोन्ही भाषा चांगल्या शिकेल. तीन भाषांच्या या मुलखात आपल्या आजोबांनी तेच केले, बाजारात एक, कचेरीत दुसरी, घरात तिसरी.

सरकारचा हिशेबही चुकता करून ठेवतो. कर्नाटकाने पंचवीस टक्के राखीव जागांच्या तरतुदीखाली वर्षानुवर्षे खाजगी शाळांना पैसे भरून गरिबांची मुले तिकडे पाठवली. आपल्याच शाळेच्या पायाखालची माती काढतो आहोत हे उमगले तेव्हा, २०१९ मध्ये, जवळ सरकारी शाळा असेल तिथे ती वाट बंद केली. त्याच वर्षी एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले. आता मोठ्या 'पब्लिक स्कूल'ची भाषा आहे. लहान शाळांचे काय, या शंकेने राज्यभरचे कन्नड पालकसुद्धा धास्तावले आहेत. आपल्याकडे तर त्या शंकेला आणखी एक शेपूट आहे : पाच वाड्यांच्या मराठी शाळा मिटवून एक मोठी शाळा झालीच, तर तिच्या फळ्यावर भाषा कोणती असेल?

आणि महाराष्ट्राकडे बोट दाखवून रडण्यात अर्थ नाही. २७ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राची दोन्ही सभागृहे ८६५ गावांसाठी एकमताने उभी राहिली. पण दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा गुंडाळण्याचा निर्णय २०१७ मध्ये घेतला होता तो त्याच महाराष्ट्राने. २०२४ मध्ये मराठी अभिजात झाली, आनंद आहे. ८६५ गावांची नावे आपल्याला पाठ आहेत. त्या गावांतल्या शाळांत पहिलीला यंदा किती मुले बसली, हा आकडा आपल्या कोणत्या पुढाऱ्याच्या खिशात आहे? दावा जिंकून ती गावे उद्या महाराष्ट्रात गेलीच, तर सातबारा मराठीत होईल. वाचणारे असतील का?

कारण साखळी लांबची नाही. सीमाभागातल्या खेड्यांत प्राथमिक शाळा बव्हंशी सरकारी आणि माध्यमिक शाळा बव्हंशी आपल्या संस्थांच्या, अनुदानित. वाडीतली चौथी-पाचवी रिकामी झाली की तीनचार वर्षांत हायस्कुलाची आठवी रिकामी होते, तुकडी तुटते, शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग महाविद्यालयातला मराठी विभाग, मग वाचनालय, मग हा अंक. मराठीच्या नावाने वर्गणी गोळा करून उभ्या राहिलेल्या काही संस्थांनी त्याच आवारात इंग्रजी माध्यमाची शाळा काढली आहे. पुढची इमारत तिची, मागची मराठीची. त्या संस्थांचे संचालक भेटले तर अवश्य विचारा, नवी बाके कोणत्या इमारतीत गेली.

आता मुद्द्याचे. पट सहाव्या वर्षी पुसला जात नाही, साडेतीन वर्षांपासून चौथ्या वर्षापर्यंत पुसला जातो. सरकारी शाळा मूल सहा वर्षांचे होईपर्यंत वाट पाहते. खाजगी शाळा त्याला साडेतीन वर्षांचे असताना एल.के.जी.त नेते. मधली दोन-अडीच वर्षे अंगणवाडी असते, पण तिच्याकडे आई खाऊसाठी पाहते, शिक्षणासाठी नाही. पहिलीच्या प्रवेशाचे ढोल जूनमध्ये आपले मास्तर वाजवतात तेव्हा ते मूल दोन वर्षांपूर्वीच टाय बांधून गेलेले असते, आणि एकदा गेलेले मूल परत आणणे हा आईला आपला पराभव वाटतो. म्हणून काम करायचे असेल तर येथे. दर मराठी शाळेच्या आवारात बालवाडी. तिला एक शिकलेली, पगारी बाई. तो पगार संमेलनाच्या मांडवापेक्षा महाग नाही. देखरेख समितीवरच्या बायांबरोबर गावातला एक कन्नड लिहिता येणारा माणूस, दर महिन्याला, अर्ज घेऊन, पोच घेऊन. आणि संपादकांना एक विनंती : प्रत्येक शाळेचा पट, शिक्षक, माध्यम हे सरकारी नोंदीत असते, ते गुपित नाही. पुढच्या दिवाळीपासून या अंकात राशिभविष्याच्या आधी खानापूर, बेळगाव, निपाणी या तालुक्यांतल्या मराठी शाळांची यादी छापा. गाव, पट, शिक्षकांच्या जागा, रिकाम्या जागा. शेजारी मागच्या वर्षीचा पट. जाहिराती कमी पडल्या तर एक कथा गाळा.

अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०१५ रोजी सांगितले होते की सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घातली पाहिजेत. तो आदेश अमलात आला नाही, येणारही नव्हता. आपल्यापुरता तसा नेम करायला न्यायालय लागत नाही. चळवळीच्या समित्यांवर, संमेलनाच्या कार्यकारिणीवर नाव देताना एक रकाना वाढवावा : घरातली मुले कोणत्या शाळेत. रकाना रिकामा सोडायची मुभा असावी. लोकांना वाचता येते.

दिवाळी झाली की पुढचे शाळेचे वर्ष सुरू व्हायला सहा-सात महिने राहतात. वाडीत किती मुले तीन वर्षांची झाली हे अंगणवाडीच्या बाईंना ठाऊक असते. त्या घरी जायला कन्नड लागत नाही, निकाल लागत नाही, मुंबईचा ठराव लागत नाही. खाजगी शाळेचा माणूस डिसेंबरातच जाऊन येतो.